विस्मरणाची उलटतपासणी

गेल्या वर्षी आईला स्मृतिचाचणीसाठी एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेले होते. तिचे वय ७८. सारी नोकरी प्राथमिक शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. तासभर गर्दीत ताटकळल्यावर एका तरुण मुलाने भराभर प्रश्न विचारायला सुरुवात केली. शंभरातून सात-सात वजा करत जा, म्हटल्यावर आई शहाऐंशीवर अडली. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एकही तिला पाच मिनिटांनी सांगता आला नाही. परतताना सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा ती एकदम म्हणाली, “अगं, कमळ, रुपया आणि शिडी! आणि शहाऐंशीनंतर एकोणऐंशी.”

हाती आलेल्या कागदावर ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असे लिहिले होते. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उणी, पण रोजचे व्यवहार बहुतांशी शाबूत, अशी ही मधली अवस्था. रिक्षातल्या त्या तीन शब्दांचा अर्थ काय लावायचा, हे मात्र कागदावर नव्हते. तो शोधत गेले आणि पोचले कॅनडातल्या माँट्रियल शहरात. ताण आणि स्मृती यांच्या अभ्यासाचे बरेच धागे या एकाच गावात गुंतलेले आहेत.

पहिला धागा हान्स सेल्ये यांचा. मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या या तरुण संशोधकाने जुलै १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण छापले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा किंवा विषारी द्रव्य टोचा. शरीराचा प्रतिसाद ठरावीकच. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. यालाच पुढे ‘स्ट्रेस’ हे नाव मिळाले. अधिवृक्क ग्रंथींतून पाझरणारे कॉर्टिसॉल हे माणसातले ताणाचे प्रमुख संप्रेरक. पण सेल्ये यांचे लक्ष शरीरावर होते. स्मृतीशी याचा संबंध तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हता.

दुसरा धागा व्ही. ए. क्रॉल या मनोविकारतज्ज्ञाचा. प्राग सोडावे लागलेला हा ज्यू डॉक्टर नाझींच्या तेरेझिन छावणीत बंदी होता. तिथल्या दीर्घ, भीषण ताणाचा मनावर काय परिणाम झाला, याची निरीक्षणे त्याने १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली एक नोंद चक्रावून टाकणारी आहे: आधीपासून मज्जाविकृतीने त्रस्त असलेल्या अनेकांची लक्षणे छावणीत कमी झाली होती. ताणाचा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नसतो, हे या माणसाने जवळून पाहिले होते. पुढे माँट्रियलमध्ये वृद्धांवर काम करताना, १९६२ मध्ये, त्याने म्हातारपणच्या विस्मरणाचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस नाव किंवा तारीख विसरतो, पण प्रसंग आठवतो. विसरल्याचे त्याला कळते आणि तो ओशाळतो. दुसऱ्यात प्रसंगच पुसला जातो. आपल्याकडच्या ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने सगळ्या म्हाताऱ्यांना एका दावणीला बांधले होते; क्रॉल यांनी ती दावण सोडवली. आईच्या कागदावरच्या निदानाची एक वंशरेषा इथवर मागे जाते. त्याचे आज रुळलेले निकष रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडले.

तिसरा धागा ब्रेंडा मिल्नर यांचा. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढलेला एक तरुण नव्या आठवणी साठवू शकत नाही, हे त्यांनी स्कोव्हिल या शल्यचिकित्सकासोबत १९५७ मध्ये दाखवले. आठवणीचे दार कुठे आहे ते त्यातून कळले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रूस मॅकइवेन यांना आढळले, की उंदरांना टोचलेले ताणाचे संप्रेरक नेमके याच हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन साचते. दोन वाटा एकाच दारापाशी आल्या.

हिप्पोकॅम्पस ताणाच्या यंत्रणेचा ब्रेकही आहे. तो झिजला तर कॉर्टिसॉल वाढणार, आणि वाढलेले कॉर्टिसॉल त्याला आणखी झिजवणार, असे दुष्टचक्र सापोल्स्की, क्रे आणि मॅकइवेन यांनी १९८६ मध्ये मांडले. १९९८ मध्ये सोनिया ल्युपियँ आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलमधल्या निरोगी वृद्धांचे कॉर्टिसॉल काही वर्षे मोजून दाखवले, की ज्यांची पातळी चढत जाऊन उंच राहिली होती त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा १४ टक्के लहान होता आणि स्मृतीही उणी होती. गट अगदी छोटा होता. पण आकडा झोप उडवणारा.

हे वाचून मीही घाबरले. पण इतिहास तिथे थांबत नाही. कुशिंगच्या विकारात शरीर वर्षानुवर्षे कॉर्टिसॉलमध्ये बुडालेले असते. अशा रुग्णांवर उपचार झाल्यानंतर हिप्पोकॅम्पस पुन्हा भरल्याचे, काहींत दहा टक्क्यांपर्यंत, १९९९ मध्ये दिसून आले. म्हणजे आक्रसणे हे प्रत्येक वेळी मरणे नव्हे. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटमध्ये कॉर्टिसॉल वाढलेले असते का, याची उत्तरेही एकसारखी नाहीत. आणि जिथे वाढलेले दिसते तिथे ते कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही.

मला माझे उत्तर ल्युपियँ यांच्याच गटाच्या २०१३ मधल्या एका प्रयोगात सापडले. त्यांनी तरुण आणि वृद्धांच्या स्मृतिचाचण्या दोन प्रकारच्या वातावरणात घेतल्या. चाचणीची वेळ, जागेची ओळख, प्रश्न विचारणाऱ्याचे वय असे तपशील कधी तरुणांच्या सोयीचे ठेवले, तर कधी वृद्धांच्या. गैरसोयीच्या वातावरणात वृद्धांचे कॉर्टिसॉल वाढले आणि स्मृती ढासळली. सोयीच्या वातावरणात तसे झाले नाही. तरुणांना मात्र कशानेच फारसा फरक पडला नाही. म्हातारपणचे विस्मरण म्हणून आपण जे मोजतो, त्यात आपल्या मोजण्याचाही वाटा असतो.

यंदा पुन्हा चाचणीची वेळ आली, तेव्हा आदल्या दिवशी आईला ती खोली नुसती दाखवून आणली. तिच्या आवडीची सकाळची वेळ मागून घेतली. यावेळी ती एकोणऐंशी ओलांडून थेट पासष्टपर्यंत गेली. तीनपैकी दोन शब्द आठवले. तिसरा रिक्षातही आठवला नाही.

तो तिसरा शब्द मला विसरायचा नाही. आईचे विस्मरण खरे आहे; परवाच गॅसवर दूध उतू जाऊन पातेले करपले. पण पूर्वी अशा वेळी मी म्हणायचे, “आई, आठव ना जरा!” आता म्हणत नाही. दार अडकले असेल तर धक्के मारून ते उघडत नाही, एवढे या इतिहासाने मला शिकवले.