मुरगळलेल्या घोट्याचा आधार

ज्यांचा घोटा एकदां तरी मुरगळला आहे, त्या श्रोत्यांना सक्तीच्या विश्रांतीचा कंटाळा निराळा सांगावयास नको. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद व्हर्जिल गिबनी यांनीं १८९५ सालीं ही सक्तीच मोडावयाचें ठरविलें. चिकटपट्ट्या टोपलीच्या विणीप्रमाणें एकमेकींवरून घालून घोटा आवळावयाचा, आणि रोग्याला कुबडीवांचून चालावयास लावावयाचें! सांधा जखडण्यासाठीं नव्हे, तर हालचालीला धीर यावा म्हणून आधार, ही कल्पना त्या काळीं धाडसाचीच होती.

खेळाडूंनीं ती पट्टी आपलीशी केली. परंतु १९६२ सालीं रॅरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजमाप केलें, तेव्हां अवघ्या १० मिनिटांच्या जोरकस व्यायामानें तिचा सुमारें ४० टक्के आधार नाहींसा झालेला आढळला. यांत नवल तें काय? पट्टी चिकटते ती कातडीला, हाडाला नव्हे. आणि कातडी सरकते, घामेजते.

१९८० च्या सुमारास दोन्ही बाजूंनीं कवचासारखा बसणारा, आंत हवेच्या पिशव्या असलेला आधारपट्टा प्रचारांत आला. तो सैल पडल्यास रोग्याला स्वतःच आवळतां येतो. २०१२ सालीं नेदरलँड्समधील १०० रोग्यांवरील तुलना प्रसिद्ध झाली. वेदना व पायाचें कार्य यांत दोहोंमध्यें फरक दिसला नाहीं. कातडीचे विकार मात्र पट्टा वापरणारांत कमी झाले, आणि तेच अधिक समाधानी होते.