मत्स्यखाद्यातील ॲफ्लाटॉक्सिन
ॲस्परजिलस फ्लेव्हस व ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशींपासून खाद्यात तयार होणारे विष. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी दगावले, तेव्हा त्याचा शोध लागला. अमेरिकेत सरकीच्या पेंडीतील याच विषामुळे ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले. रोहू, कटला या माशांनाही शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा देतात. रायगड जिल्ह्यातील चौक, कर्जत, खालापूर या भातपट्ट्यातील पावसाळी दमट हवेत भिंतीला टेकलेल्या या खाद्याच्या पोत्यांत ओल धरते, गुठळ्या होतात व हिरवट-पिवळी बुरशी चढते. ऊन दिल्याने बुरशी थांबते. विष मात्र उरते. त्यामुळे माशांची वाढ खुंटते, यकृत बिघडते, रोगप्रतिकारशक्ती घटते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. बुरसलेले खाद्य टाकून द्यावे.