आंगिक अभिनय वाचणारे यंत्र : काइनेक्ट आणि माहूरचा गोंधळ

व्हिडिओ गेमच्या घरगुती यंत्राला जोडावयाचा, खेळाडूची हालचाल टिपणारा कॅमेरा हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तो तसा वाटत नाही. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार आपण वर्गात शिकवतो. त्यांपैकी आंगिक अभिनय यंत्राने वाचावा, हा प्रयत्न या कॅमेऱ्याने दिवाणखान्यापर्यंत आणला. त्याला कितपत यश आले, हा प्रश्न आपल्याही कक्षेतला आहे.

या प्रयत्नाचे मूळ १९७०च्या दशकात सापडते. अमेरिकेत मायरन क्रूगर यांनी ‘व्हिडिओप्लेस’ नावाची रचना केली; तीत माणसाची छायाकृती पडद्यावरील चित्रांशी खेळत असे. २००३ साली सोनीने ‘आयटॉय’ बाजारात आणला. रिचर्ड मार्क्स यांच्या संशोधनातून आलेला हा कॅमेरा लागोपाठच्या दोन चित्रांतील फरक शोधी आणि त्यावरून हालचाल ओळखी. खोली अंधारी असली की तो गोंधळे. २०१०च्या ‘प्लेस्टेशन मूव्ह’मध्ये खेळाडूच्या हाती उजळ गोळा बसवलेली कांडी आली. गोळा चित्रात लहान दिसला तर दूर, मोठा दिसला तर जवळ, हे साधे गणित त्यामागे होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सने याच साधनासाठी ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ रचला. गल्लीतले क्रिकेट असे कॅमेऱ्यापुढे आले. बॅटची जागा मात्र कांडीने घेतली होती.

मायक्रोसॉफ्टच्या ‘काइनेक्ट’ने ती कांडीही काढून घेतली. ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आलेल्या या कॅमेऱ्याचे पहिल्या ६० दिवसांत सुमारे ८० लाख नग गेले. इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचे तंत्र त्यात होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ठिपके खोलीभर फेकायचे आणि त्यांच्या विस्थापनावरून प्रत्येक वस्तूचे अंतर काढायचे, ही त्याची रीत. मग संगणक त्या आकृतीतून देहाचे २० सांधे शोधी. हे शोधणे त्याला असंख्य देहमुद्रांच्या चित्रांवरून शिकवलेले होते.

या कॅमेऱ्यापुढे माहूरच्या रेणुकेचा गोंधळी उभा आहे, अशी कल्पना करू. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद आहेत. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे उपासक. अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांची माळ, हाती दिवटी, साथीला संबळ आणि तुणतुणे. येथे यंत्राची अडचण होते. झग्याखाली गुडघे झाकले जातात आणि सांध्यांची जागा अंदाजाने ठरवावी लागते. दिवटीच्या ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात. म्हणजे आहार्य हेच येथे आंगिकाच्या वाचनाआड येते. सात्त्विकाचे काय? देवीला आवाहन करताना उंचावलेला हात आणि कथानकात शस्त्र उगारणारा हात यांचे सांधे एकाच जागी असू शकतात. अर्थ ठरतो तो पदावरून, प्रसंगावरून आणि समोर बसलेल्या यजमानाच्या श्रद्धेवरून.

खेळणे म्हणून काइनेक्ट फार टिकला नाही. २०१३ साली ‘एक्सबॉक्स वन’बरोबर तो सक्तीचा केला गेला, तेव्हा घरात सतत पाहणारा-ऐकणारा डोळा कशाला, अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी त्याविना यंत्र मिळू लागले आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबले. तंत्र मात्र संपले नाही. प्राइमसेन्स २०१३ साली ॲपलने विकत घेतली; २०१७च्या आयफोन टेनमध्ये अवरक्त ठिपक्यांनी चेहरा ओळखण्याची सोय आली. करमणुकीसाठी आलेली नजर ओळखपत्र तपासू लागली.

लोककलांच्या जतनासाठी असे कॅमेरे वापरले जावेत, याबद्दल आमचे दुमत नाही. एखाद्या वृद्ध गोंधळ्याची पदन्यासाची लकब त्यांमुळे राहील. पण केवळ सांध्यांच्या नोंदीला गोंधळ म्हणू नये. कोणत्या कुळाचा कुळाचार, कोणते पद, कोणत्या शब्दाला दिवटी वर गेली, हे शेजारी लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्याचे आहे, आणि ते गाणारी पिढी हयात असेतोच व्हावयास हवे.