पवित्र प्रभाकर : मुंबईचा स्पायडर-मॅन कॉमिक्समधला खरा की पडद्यावरचा?

सुपरहिरोचा नवा चित्रपट आला की चाहत्यांचे दोन गट पडतात. ‘कॉमिक्समध्ये असं नव्हतं’ हे एका गटाचं म्हणणं, तर ‘चित्रपट म्हणून बघा, पुस्तक विसरा’ हे दुसऱ्याचं. हा वाद बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पात्रांवरून होतो. 2023 मध्ये मात्र तो एका भारतीय पात्रावरून झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी मुंबई होती.

कोण हा पवित्र प्रभाकर?

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडर-मॅन 1962 साली अमेरिकन कॉमिक्समध्ये आला. त्याचा भारतीय अवतार त्यानंतर चार दशकांनी, 2004 मध्ये तयार झाला. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि चित्रकार जीवन कांग यांनी गॉथम कॉमिक्ससाठी ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ ही चार अंकांची मालिका केली. पुढे मार्व्हलने ती अमेरिकेतही प्रसिद्ध केली. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, अंकल बेनचे भीमकाका आणि आंट मेची मायाकाकू. मेरी जेनची झाली मीरा जैन आणि खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय.

बदल नावांपुरता नव्हता. मूळ कथेत किरणोत्सारी कोळी चावल्यामुळे पीटरला शक्ती मिळते. पवित्रला ती एका योग्याकडून मिळते आणि त्याचे शत्रू राक्षसी रूपं घेतात. तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला मुलगा आहे. शाळेतली श्रीमंत मुलं त्याची टर उडवतात. त्याच्या पोशाखात धोतरही आहे.

चित्रपटाने काय बदललं?

‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात जून 2023 मध्ये मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यातला पवित्र ‘मुंबटन’ या शहरात राहतो. मुंबई आणि मॅनहॅटन ही दोन नावं जोडून हे नाव बनलं आहे. इंग्रजीत करण सोनी याने, तर हिंदी आणि पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिल याने त्याला आवाज दिला.

हा पवित्र बोलका, आत्मविश्वासू आणि मजेत जगणारा आहे. ‘चाय टी’ म्हणणाऱ्या माइल्सला तो लगेच टोकतो, कारण चाय म्हणजेच टी. मीरा जैनच्या जागी गायत्री सिंग आली असून तिचे वडील पोलीस इन्स्पेक्टर आहेत.

वाद नेमका कशावरून?

एक बाजू म्हणते, चित्रपटाने पात्र सुधारलं. 2004 चं कॉमिक्स योगी, राक्षस आणि धोतर यांतच भारत शोधत होतं. परदेशी वाचकाला भारत असाच दिसतो, हा तो साचा. दाटीवाटीच्या शहरात वाढलेला, विनोद करणारा मुलगा आजच्या मुंबईकराला जास्त जवळचा वाटतो.

दुसरी बाजूही बिनबुडाची नाही. गावाकडून शिकायला मुंबईत येणं, कपड्यांवरून आणि बोलण्यावरून हिणवलं जाणं, नातेवाइकांच्या आधारावर राहणं, हे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी अनुभवलेलं आहे. चित्रपटातल्या हसतमुख पवित्रसोबत ती पैसा आणि प्रतिष्ठेची दरी गायब झाली. पोशाख बदलणं वेगळं आणि पात्राची परिस्थिती बदलणं वेगळं, असा हा आक्षेप आहे.

‘मूळ’ म्हणजे काय?

मराठी वाचकांना हा प्रश्न नवा नाही. ली फॉकचा फॅण्टम 1936 साली अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सने 1964 पासून त्याच्या कथा प्रसिद्ध केल्या आणि मराठी वाचकांसाठी तो ‘वेताळ’ झाला. भारतीय वाचकांना खटकू नयेत म्हणून संपादकांनी काही नावंही बदलली. ‘बेंगाली’ची ‘डेंकाली’ झाली आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’. त्याचा पोशाख तर देशागणिक बदलला. अमेरिकेत तो जांभळा, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल. म्हणजे लहानपणी ज्याला आपण मूळ वेताळ समजलो, तोही आपल्यासाठी बदललेलाच होता.

स्पायडर-मॅनचंही तसंच. कॉमिक्समधला पीटर जाळं सोडणारं यंत्र स्वतः बनवतो. 2002 च्या चित्रपटात जाळं थेट त्याच्या मनगटातून निघालं आणि चाहत्यांत मोठा वाद झाला. 2012 च्या चित्रपटात यंत्र परत आलं.

चित्रपटाचं स्वतःचं उत्तर

पात्राच्या कथेतल्या अधिकृत मानल्या गेलेल्या घटनांना चाहते ‘कॅनन’ म्हणतात. गंमत अशी, की या चित्रपटाचा संघर्षच कॅननवरून आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात जवळच्या एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू व्हायलाच हवा, असं मिगेल ओहारा मानतो. मुंबटनमध्ये माइल्स गायत्रीच्या वडिलांना वाचवतो आणि तो नियम मोडतो. ठरलेली कथा पाळायची की समोरचा माणूस वाचवायचा? माइल्सची निवड स्पष्ट आहे.

त्यामुळे ‘कॉमिक्समध्ये असं नव्हतं’ एवढ्यावर वाद मिटत नाही. बदलामुळे पात्राला काय मिळालं आणि त्याने काय गमावलं, हा खरा प्रश्न आहे. पवित्रला आजची भाषा आणि विनोद मिळाला. खेड्यातून आलेला, फाटक्या खिशाचा मुलगा हरवला. त्याच वर्षी मार्व्हलने पवित्रची नवी कॉमिक्स मालिकाही काढली. कॉमिक्सवरून आलेल्या चित्रपटाने पात्राला पुन्हा कॉमिक्समध्ये नेलं. आता यातलं मूळ कोणतं, यावर चाहत्यांचं एकमत होणं अवघडच.