जीकॅम्प

जीकॅम्प हे जिवंत पेशीतील कॅल्शियमच्या पातळीतील चढउतार प्रकाशाच्या रूपाने दाखवणारे कृत्रिम प्रथिन आहे. जपानी शास्त्रज्ञ जुनिची नाकाई व सहकाऱ्यांनी ते २००१ साली प्रसिद्ध केले. त्याचे जनुक पेशीत घातले की पेशी हे प्रथिन स्वतःच तयार करते; बाहेरून रंग भरावा लागत नाही.

रचना व कार्य

एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधील हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाची मूळ टोके एकमेकांस जोडून साखळी दुसऱ्या जागी तोडतात. नव्या टोकांपैकी एकाला कॅल्मोड्युलिन, तर दुसऱ्याला एम१३ हे पेप्टाइड जोडलेले असते. कॅल्शियम मिळताच कॅल्मोड्युलिन एम१३ला विळखा घालते, प्रकाश देणाऱ्या गाभ्यापर्यंत पाणी पोचवणारी फट बुजते आणि निळ्या प्रकाशात प्रथिन हिरवे उजळते. २०१३ मधील जीकॅम्प६मुळे जिवंत उंदराच्या मेंदूतील चेतापेशींचे सुटे संदेशही टिपता येऊ लागले.

मर्यादा

जीकॅम्प स्वतःच कॅल्शियम धरून ठेवते. त्यामुळे ते फार झाले तर जे पाहायचे तेच बदलते. त्यातील कॅल्मोड्युलिन पेशीच्या कॅल्शियम मार्गिकांतही ढवळाढवळ करते. ती टाळण्यासाठी २०१८ मध्ये जीकॅम्प-एक्स ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. शिवाय हा उजेड विद्युतसंदेशामागून येतो व सावकाश मावळतो.