स्विचचे दुसरे टोक

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास आपण अमेरिकेपासून सांगतो: १९३२ची रिकनबॅकर, मग लिओ फेंडर, मग व्हॉल्व्हच्या जागी आलेले ट्रान्झिस्टर. यंत्रापुरते ते बरोबरच आहे. पण मुंबईत हे यंत्र कशाच्या बळावर बोलू लागले, असे विचारले की वाट पुण्याजवळच्या पौडच्या पुढे मुळशी पेट्यात जाते. आपल्याकडच्या विजेवरच्या संगीताचा इतिहास तिथल्या निळा-मुळा नद्यांच्या खोऱ्यापासून सुरू केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुष्कळदा मुख्य स्विचच आधी दगा देतो. बटण दाबताच ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, आतल्या पट्ट्यांमध्ये ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी त्या काळ्या पडतात, कधी एकमेकींना चिकटून बसतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवा स्विच घेताना जाणकार त्यावरचे व्होल्ट-अँपिअर वाचतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच मागतो. प्लग काढल्यावरही तो लगेच आत हात घालत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी कपॅसिटरमध्ये दडून राहू शकतात, म्हणून ते उतरल्याची मीटरने खात्री करतो. पुरवठा तुटला तरी मागे काही साठून राहते, हे कारागिराला ठाऊक असते. इतिहास लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असायला हवे.

मुंबईचा पुरवठा म्हणजे टाटांची वीज. ती खोपोलीहून १९१५ साली आणि भिवपुरीहून १९२२ साली मुंबईकडे निघाली. तिसरी योजना मुळशीची. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचे आणि सह्याद्रीचा सुमारे पाचशे मीटरचा उतार वापरून खाली भिऱ्याला वीज काढायची. बुडणार होती ती आंबेमोहोराची खाचरे आणि बावन्न गावे. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी. लढा फुटला तो आतूनही. अनेक जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या नावावर होते. त्यांना भरपाई हवी होती, कसणाऱ्यांना जमीन.

यावर कोणी म्हणेल, त्या विजेवर मुख्यतः गिरण्या चालल्या, संगीताचा वाटा तो किती? वाटा लहानच, हे मान्य. शिवाय १९५६पासून ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आले, त्यामुळे ‘दम मारो दम’मधल्या भूपिंदरसिंग यांच्या गिटारला नेमके कोणते पाणी लागले हे सांगता येणार नाही. पण तारेत खोपोली, भिरा, ट्रॉम्बे सारे एक होते, म्हणून मुळशीचा हिशेब शून्य होत नाही. उलट वीज मागणीच्या क्षणीच तयार करावी लागते. औष्णिक केंद्राला वेग घ्यायला तास लागतात, जलविद्युत काही मिनिटांत हाताशी येते. संध्याकाळी शहराने बटणे दाबली की भिऱ्याला पाणी सोडतात. गिटारवाला अ‍ॅम्प्लिफायर ‘स्टँडबाय’वर ठेवतो, व्हॉल्व्ह तापलेले पण आवाज नाही; मुळशीचा तलाव मुंबईसाठी तसाच तिष्ठत उभा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: वीज नको होती का? मला तसे वाटत नाही. आक्षेप विजेला नाही. विजेचे बटण एका गावात आणि बुडणे दुसऱ्या गावात, या वाटणीला आहे. आणि त्या वाटणीबद्दल खोऱ्यातल्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

बापटांनी डिसेंबर १९२४मध्ये धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिरा सुरू झाले, त्याच वर्षी जुलैत मुंबईचे रेडिओ केंद्र बोलू लागले, तेव्हा बापट तुरुंगात होते. ते सुटले १९३१ साली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तेही त्याच वर्षी.