लांकूड, माती आणि वणवा

वऱ्हाडांतील जुन्या खेड्याचे दोन भाग मानलेले असत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पेरणीची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ही वाटणी करणाऱ्या शेतकऱ्याला मातीची पारख चांगलीच होती, यांत संशय नाहीं. काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकीच ती घराला बाधते. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्या भिंती टिकत नाहींत. पांढरी माती अशी फुगत नाहीं. पावसाचें पाणी ती लवकर आंत घेत नाहीं. आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें म्हणजे घराच्या लांकडावर तिचें पांघरूण घातलें तर तें लांकूड आगीपासून पुष्कळसें वांचतें.

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. नेमक्या याच दिवसांत शेतांतील सारा वाळलेला माल गांवांत येऊन पडलेला असतो. कडब्याच्या गंज्या, तुरीचें कुटार, जळणासाठीं उपटून आणलेल्या पऱ्हाट्या! गरिबाचें घर पूर्वीं कुडाचें असे. तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कुडाला शेणामातीचा लेप आणि वर गवताचें छप्पर. दुपारच्या वाऱ्यानें एका चुलींतील ठिणगी उडाली कीं अशा घरांची ओळच्या ओळ जाण्यास घटकाभराचा अवकाश पुरे. यांत घरधन्याचा निष्काळजीपणा नेहमींच असे असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याला परवडणारें छप्पर तेंच होतें.

ज्याला परवडत असे तो धाब्याचें घर बांधी. या घराचा सांगाडा सर्वस्वीं लांकडी. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर एकमेकींस लागून बसविलेल्या किलच्या. किलच्यांवर पळसाचीं किंवा निंबाचीं पानें पसरून त्यांवर माती धोपटून बसवीत आणि शेवटीं पांढऱ्या मातीचा थर देऊन पाणी पन्हळाकडे वाहील असा उतार काढीत. भिंती रुंद, मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. दर वर्षी मृगापूर्वी धाब्यावर नवी माती टाकणें हें घरांतील एक ठरलेलें काम असे. अशा घरावर शेजारची जळती काडी येऊन पडली तर ती मातीवर पडून विझते. तिला पेटविण्यासारखें तेथें कांहींच नसतें.

परंतु आंतील लांकडाचें काय? लांकूड जळतें हें खरें. पण सर्व लांकूड सारखें जळत नाहीं. बांबूची कामटी किंवा गवताची पेंढी कांहीं मिनिटांत भस्म होते, कारण तिला सर्व बाजूंनीं हवा लागते. जाड खांबाचा मात्र प्रथम बाहेरचा थर कोळसा होतो, आणि कोळशांतून उष्णता फार मंदपणें आंत शिरते. आधुनिक मोजमापांप्रमाणें जाड लांकूड भर आगींत मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढ्याच वेगानें आंत जळत जातें. म्हणजे अर्ध्या तासाच्या आगीनंतरहि वीतभर जाडीच्या खांबाचा गाभा शाबूत राहून भार पेलूं शकतो. उघडी लोखंडी तुळई एवढ्या अवधींत तापून वांकते, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटेल.

तरी केवळ सागवान वापरल्यानें घर वांचतें असें कोणी समजूं नये. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ च्या फेब्रुवारींत आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली, आणि तट, दरवाजे व दगडी जोतीं एवढेंच काय तें मागें उरलें. तेथेंहि सागवानच होतें. पण मजल्यावर मजले चढलेले, जिने व तक्तपोशी उघडी, आणि ज्वाळांना वर चढावयास वाट मोकळी. वऱ्हाडी धाब्याचें घर बहुधा एकमजली, आणि त्याच्या माथ्यावर मातीचें झांकण. वैभव कमी, पण आगीला वाटहि कमी.

हीच युक्ति फार दूर जपानांतहि सांपडते. एदो शहराचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, मोठा भाग १६५७ सालच्या आगींत नष्ट झाला. पुढें तेथील व्यापारी आपल्या मालाचीं कोठारें लांकडी सांगाड्यावर मातीचे व चुन्याचे जाड थर चढवून बांधूं लागले. १८९३ सालीं कावागोए गांव जळालें तेव्हां या पद्धतीचीं घरें उभीं राहिलेलीं लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलीं, आणि गांव पुन्हां वसवितांना तेथील पुष्कळ व्यापाऱ्यांनीं तीच पद्धत उचलली. त्यांतील कांहीं घरें आज प्रवासी मुद्दाम पाहावयास जातात. वऱ्हाडच्या धाब्यांना असे प्रेक्षक अद्याप लाभलेले नाहींत.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोहोंचली. खामगांव, अकोला, अमरावती येथें पेढ्या व जिनें उभीं राहिलीं, आणि रेल्वेबरोबर नवें बांधकामाचें सामानहि येऊं लागलें. १८६५ सालीं मंगळूर येथें बासेल मिशननें कौलांचा कारखाना काढला होता. त्या धर्तीचीं कौलें पुढें सर्वत्र पसरलीं. त्यांच्या मागोमाग पत्रा आला. पत्रा जळत नाहीं, त्याला दर वर्षी माती लागत नाहीं. उन्हाळ्यांत त्याखालीं बसवत नाहीं ही गोष्ट निराळी.

आतांपर्यंत गांवांतील आगीचा विचार झाला. खरा वणवा वऱ्हाडांत विशेषतः उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांत, मेळघाटांत आढळतो. चिखलदऱ्यापासून सिपना नदीच्या खोऱ्यांतून धारणीपर्यंत पसरलेलें हें सागवानी जंगल. माघ-फाल्गुनांत सागाचीं पानें झडून जमिनीवर कुरकुरीत गालिचा अंथरला जातो. मोहाचीं फुलें वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात. टेंभुर्णीला नवी पालवी चांगली यावी म्हणूनहि आग लावली जाते. कधीं वाटसरूची विडी कारण होते. या आगींपैकीं फारच थोड्या निसर्गतः लागतात. वनखात्याच्या हिशेबीं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत. त्यापूर्वीच गवत कापून, पट्टे जाळून, जाळरेषा मोकळ्या करून ठेवाव्या लागतात.

या जंगलांत कोरकू लोक राहतात. त्यांच्या गांवाची रचना पाहणाऱ्याचें लक्ष वेधून घेते. मधून एक रुंद, सरळ रस्ता, आणि दोहों बाजूंना समोरासमोर घरांच्या दोन ओळी. घराला लांकडी खांब, बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, त्यांवर मातीशेणाचें लिंपण. छप्पर गवताचें किंवा हातानें थापलेल्या कवेलूंचें. अंगण झाडून सारवून स्वच्छ. ही रचना आगीच्या भयानेंच निघाली असें म्हणण्यास आधार नाहीं. पण रुंद रस्ता व सारवलेलें अंगण यांमुळें आगीला अडथळा होतो, हें मात्र सहज कळण्यासारखें आहे. उणें होतें तें छपराचें. १८६० नंतरच्या दशकांत सरकारनें येथील सागवान राखून ठेवण्यास आरंभ केला आणि परवान्यावांचून सागाचा खांब तोडणें गुन्हा ठरला. ज्या सागवानावर मैदानांतील सावकाराचें धाबें उभें राहिलें, त्याच सागाच्या छायेंत राहणारा कोरकू बांबू आणि गवत यांवर भागवीत राहिला. वणवा मात्र त्याच्या दाराशीं होता, सावकाराच्या नव्हे.

वणव्यांत घर कसें जळतें याविषयींची समजूत गेल्या कांहीं दशकांत पालटली आहे. ज्वाळांची भिंत येऊन घराला गिळते असें पूर्वीं मानीत. अमेरिकेच्या वनखात्यांतील जॅक कोहेन या शास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखविलें कीं बहुतेक घरें वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांनीं पेटतात आणि त्यांचें भवितव्य घर व त्याच्या भोंवतींची सुमारें ३० मीटर जागा यांवरच बव्हंशीं ठरतें. २०१८ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील पॅरडाइझ गांव जळालें तेव्हां १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि ८५ माणसें दगावलीं. पण राखेच्या ढिगाशेजारीं हिरवीं झाडें उभीं असल्याचीं छायाचित्रें सर्वांनीं पाहिलीं. तेथील नियम आतां न पेटणारें छप्पर, झरोक्यांना बारीक जाळी आणि भिंतीलगत मोकळी जागा यांवर भर देतात. लांकडी सांगाडा तेथें निषिद्ध नाहीं. तो झांकलेला असावा, एवढेंच. सारवलेल्या अंगणाची आणि कवेलूंची उपयुक्तता एवढ्या मोठ्या खर्चानें सिद्ध व्हावी, हेंहि एक आश्चर्यच!

धाब्याची स्तुति करतांना त्याचे दोष लपविण्याचें कारण नाहीं. वाळवी लागली कीं खांब आंतून पोखरतो. दोन वर्षें माती टाकली नाहीं तर धाबें गळूं लागतें. आणि सर्वांत गंभीर दोष म्हणजे वजन. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें मेलीं, तीं मुख्यतः सैल दगडी भिंती आणि मातीचीं जड माळवदें यांच्याखालीं. आगीला जो थर उपकारक तोच भूकंपांत काळ होतो. म्हणून जुनें तें सर्व जसेंच्या तसें उचलावें असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. पातळ मातीचा लेप, कौलारू छप्पर आणि नीट जखडलेला लांकडी सांगाडा हा मधला मार्ग अधिक समंजस दिसतो.

सरकारी घरकुलांमुळें आतां मेळघाटांतहि विटा, सिमेंट व पत्रा पोहोंचला आहे. त्याच्या भिंतीला टेकून कडबा व जळण रचलें तर पत्र्याचें अग्निरोधन तेथेंच संपतें, हें सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाहीं. आगीच्या हंगामांत वनखातें गांवोगांवच्या माणसांना पहाऱ्यावर नेमतें. मेळघाटांत त्यांना ‘अंगारी’ म्हणतात. हिरव्या डहाळ्यांनीं आग झोडपून विझविणारे हे अंगारी पुष्कळ वेळां कोरकूच असतात; आणि जाळरेषेच्या अलीकडे जें गांव असतें तें बहुधा त्यांचेंच असतें.